कलिन्याला एमएसाठी येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी देवगड तालुक्यातली. बीए सिंधुदुर्गातच झालं आणि मग मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात समाजशास्त्रात एमए केलं. जून आला की गावाकडच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि ते विचारताना आवाजात असलेली धाकधूकही तीच असते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा तारखा आणि फी यांसाठी विद्यापीठाचं ताजं परिपत्रकच बघा. बाकीचं अनुभवाचं आहे.

बीए सिंधुदुर्गात केलं. आता मुंबई विद्यापीठात "नवीन" प्रवेश घ्यायचा म्हणजे काय?

तुम्ही आधीपासूनच मुंबई विद्यापीठाचे आहात. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सातही जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तीन वर्षं माझ्या प्रत्येक गुणपत्रिकेवर या विद्यापीठाचं नाव होतं, आणि त्याची एकही भिंत मी पाहिलेली नव्हती. कोकणातल्या हजारो मुलांचं असंच असतं.

याचा व्यवहारातला फायदा असा की तुम्हाला स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, लागत नाही. कोल्हापूर, पुणे, नांदेड किंवा गोव्याहून येणाऱ्यांना ते लागतं. गोव्याची एक गंमतशीर गोष्ट आहे. मुक्तीनंतर तिथली कॉलेजंही मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. १९८५ साली गोवा विद्यापीठ झालं आणि ती वेगळी झाली. त्यामुळे पणजी-मडगावच्या जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या घरी आपल्याच विद्यापीठाची पदवी भिंतीवर आहे.

टीसी मात्र सगळ्यांनाच लागतो. तो निकालाच्या आठवड्यातच मागून घ्या. माझ्या आधीच्या कॉलेजातून तो मिळायला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस मी प्रवेश हातचा जाईल या भीतीत काढले.

हे विद्यापीठ नक्की आहे कुठे? फोर्टला की कलिन्याला?

दोन्हीकडे. १८ जुलै १८५७ रोजी स्थापना झाली तेव्हा ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर फक्त परीक्षा घ्यायचं आणि पदवी द्यायचं. शिकवण्याचं काम कॉलेजांचं. पहिले पदवीधर १८६२ चे, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. विद्यापीठाचे स्वतःचे शिकवणारे विभाग बऱ्याच उशिरा, विसाव्या शतकात आले.

हे मी इतिहास म्हणून सांगत नाही. इथे आल्यावर जे जाणवतं त्याचं मूळ त्यात आहे. विद्यापीठाचा फार मोठा भाग आजही परीक्षांच्या कामात असतो. सात जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं, त्यांचे पेपर, त्यांचे निकाल. त्या पसाऱ्यात आपला एमएचा वर्ग एका कोपऱ्यात चालतो. हे एकदा लक्षात आलं की खिडकीवरच्या बाबूंचा राग कमी येतो आणि काम कसं करून घ्यायचं तेही कळतं.

फोर्टला मुख्य प्रशासन, दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर. आपले बहुतेक पदव्युत्तर विभाग सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याच्या विद्यानगरीत, दोनशेहून जास्त एकरांवर. परीक्षा विभागही तिथेच, महात्मा जोतीराव फुले भवनात. ही इमारत पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा.

राहायचं कुठे?

वसतिगृहासाठी अर्ज नक्की करा, पण त्यावर विसंबून घर सोडू नका. जागा थोड्या आणि मागणारे खूप. प्रवेशाचा अर्ज आणि वसतिगृहाचा अर्ज वेगवेगळे असतात, हे कित्येकांना मुदत संपल्यावर कळतं.

कलिना, वाकोला, कुर्ला या भागांत तिघी-चौघी मिळून खोली घेतात. आगाऊ डिपॉझिटसाठी मोठी रक्कम एकदम लागते. मुलग्यांना अजून एक वाट आहे, गावमंडळाच्या खोलीची. गिरण्यांच्या काळात कोकणातल्या गावांनी लालबाग-परळकडे अशा खोल्या घेतल्या आणि गावातून आलेला प्रत्येक जण तिथे वळकटी टाकायचा. तुमच्या गावाची असेल तर मंडळाच्या सेक्रेटरींना विचारा. मुलींसाठी ही सोय नव्हती आणि अजूनही नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी डोंबिवलीला आत्याकडे राहिले. दोन खोल्यांत पाच माणसं. अभ्यास स्वयंपाकघरात, रात्री भांडी झाल्यावर. आत्याने दोन वर्षांत एकदाही "कधी संपणार" असं विचारलं नाही.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून जेवणखाण आणि भाड्यासाठी पैसे मिळतात. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. अटी वाचा, समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन विचारा. लाजू नका, ते पैसे त्यासाठीच ठेवलेले आहेत.

लोकलची फार भीती वाटते. जमेल का?

जमेल. पहिले पंधरा दिवस सोडून द्या.

तुतारी एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरले तेव्हा माझ्याकडे दोन पिशव्या आणि एक फणस होता. कोणत्या फलाटावर जायचं ते सहा जणांना विचारलं. सहाही जणांनी चालता चालता उत्तर दिलं, एकही थांबला नाही. तेव्हा ते मला लागलं होतं. नंतर कळलं की मुंबईत मदत चालता चालताच करतात.

डोंबिवलीहून कलिन्याला मी अशी जायचे: कुर्ल्यापर्यंत लोकल, तिथून पश्चिमेला उतरून बस, बस नसेल तर शेअर रिक्षा. पश्चिम रेल्वेवर राहणाऱ्यांनी सांताक्रूझला उतरून पूर्वेला यायचं. ऑक्टोबर २०२४ पासून आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) भुयारी मेट्रो सुरू झाली आणि त्या बाजूने येणाऱ्यांना वांद्रे कॉलनी आणि सांताक्रूझ ही स्थानकं सोयीची झाली, पण भाडं रोजच्या विद्यार्थ्याने हिशेब करून बघावं.

लेडीज डब्यात चढलात की आतल्या बायका विचारतात, "कुठे उतरणार?" ही चौकशी नाही, ती जागेची वहिवाट आहे. तुम्ही कुर्ला म्हणालात की कुर्ल्याला तुमची जागा कोणाची ते तिथल्या तिथे ठरतं. घाटकोपर गेलं की दाराकडे सरकायला लागा आणि पुढच्या बाईला विचारा, "कुर्ला?" ती नाही म्हणाली तर तिला पुढे जाऊ द्यायची विनंती करा. फलाट कोणत्या बाजूला येणार ते आधीच विचारून ठेवा. जमत असेल तर डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी धरा, मग बसायला मिळण्याची आशा असते. धावत गाडी पकडू नका. लेक्चर बुडालं तर वही मिळते.

विद्यार्थी सवलतीचा पास विभागाकडून फॉर्म घेऊन काढता येतो. तीन महिन्यांचा काढा, एकदाच रांग लागते.

माझं एमएचं निम्मं वाचन त्या डब्यात झालं. आणि समाजशास्त्राचा वर्ग म्हणाल तर तोही तोच होता. भाजी निवडणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या, टिकल्या विकणाऱ्या, नाइट करून परतणाऱ्या नर्स, सगळ्या पाऊण तास खांद्याला खांदा लावून.

माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं. एमएला इंग्रजी झेपेल का?

हा प्रश्न फोनवर सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू आवाजात येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

कला शाखेतल्या बऱ्याच विषयांत उत्तरपत्रिका मराठीतून लिहायची मुभा असते. तुमच्या विषयाचं पहिल्याच दिवशी विभागात विचारून घ्या. वर्गात शिकवणं मिश्र असतं, शिक्षक दोन्ही भाषांत बोलतात आणि कळलं नाही म्हटलं तर पुन्हा सांगतात. खरी अडचण वाचनाची आहे. मूळ पुस्तकं आणि लेख इंग्रजीत, आणि तेही अवघड इंग्रजीत.

पहिल्या महिन्यात मला एक पान वाचायला एक तास लागायचा. मी रोज दोनच पानं वाचायची असं ठरवलं. वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ, आणि खाली माझ्या गावातलं एक उदाहरण. "सोशल कंट्रोल" हा शब्द मला गावकीच्या बैठकीवरून कळला, तो पुस्तकाने नंतर पक्का केला. संज्ञांसाठी शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. दिवाळीनंतर दोन पानांची दहा पानं झाली.

वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलींबद्दल मनात अढी ठेवू नका. माझ्या शेजारी बसणारी मुलगी मला वाक्यं उलगडून सांगायची आणि मी तिला खोत, कूळ, बलुतं हे शब्द समजावून द्यायचे. तिला ते शब्द पुस्तकात भेटलेले, मला घरात.

एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याला इंग्रजी कमी येतं म्हणजे आपण कमी आहोत, असं दोन वर्षांत मला कुणी म्हटलं नाही. ते मीच मला म्हणत होते.

शिकवतात का चांगलं, की फक्त नाव मोठं?

विभागागणिक आणि शिक्षकागणिक वेगळं. माझ्या विभागाचं सांगू शकते. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी तो सुरू केला, नंतर गो. स. घुर्ये यांनी तो घडवला. इरावती कर्वे यांनी १९२८ साली घुर्यांच्या हाताखाली एमए केलं. एम. एन. श्रीनिवास आणि ए. आर. देसाई इथलेच विद्यार्थी. वर्गात ही नावं अभ्यासक्रमात येतात आणि आपण त्याच विभागात बसलेलो असतो, त्याचा मला रोज आधार वाटायचा.

पण मोठं विद्यापीठ तुमच्या मागे लागत नाही. शाळेत किंवा गावच्या कॉलेजात सर घरी निरोप पाठवायचे. इथे तुम्ही आठवडाभर आला नाहीत तर हजेरीचा आकडा खाली जातो, एवढंच. तासानंतर शिक्षकांच्या खोलीचं दार वाजवायला शिकावं लागतं. मी पहिल्यांदा वाजवलं ते नोव्हेंबरमध्ये. सर म्हणाले, "बसा," आणि चाळीस मिनिटं बोलले. जूनमध्येच वाजवायला हवं होतं.

क्रेडिट, सेमिस्टर, प्रकल्प हे काय प्रकरण आहे?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून एमए दोन वर्षांत चार सत्रांचं, एकूण ८८ क्रेडिटचं. क्रेडिट म्हणजे विषयासाठी कराव्या लागणाऱ्या अभ्यासाचं माप. त्यात संशोधनपद्धतीचा पेपर, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प येतो. एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढून ठेवा, क्रेडिट त्या खात्यात जमा होतात. नापास झालात तर विषय राहतो, ज्याला सगळे केटी म्हणतात. त्यामुळे आयुष्य थांबत नाही.

प्रकल्पाचा विषय मात्र विचार करून घ्या. मी मुंबईतल्या कोकणी गावमंडळांवर केला. आत्याच्या यजमानांच्या मंडळाच्या सभेला कोपऱ्यात बसून टिपणं काढली. तिथे वर्गणीची वही १९६० च्या दशकापासूनची होती. एक काका पान उलटताना म्हणाले, "ही बघ, हे तुझे आजोबा." दोन रुपये वर्गणी. अशी वही कुठल्याही ग्रंथालयात मिळाली नसती.

अभ्यासाला शांत जागा?

कलिन्यातलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय पहिलं घर समजा. ओळखपत्र मिळालं की त्याच दिवशी तिथलं कार्ड करून घ्या. सकाळी लवकर गेलात तर खिडकीजवळची जागा मिळते.

शहर हेही ग्रंथालयच आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, दादरला त्याचा संदर्भ विभाग आहे. जुनी मराठी नियतकालिकं बघायची असतील तर तिथेच जावं लागतं. इतिहासाच्या मुलांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार. गावात मला एक पुस्तक हवं असेल तर कणकवलीला जाणाऱ्याला सांगावं लागायचं. इथे एका पासावर एवढं सगळं. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी दादरच्या जिन्यावर थोडा वेळ बसून राहिले होते.

फी आणि शिष्यवृत्तीचं काय?

विद्यापीठाच्या विभागांतली नेहमीची एमएची फी काही हजारांत असते. खाजगी विद्यापीठांच्या जाहिराती बघून घाबरलेल्या पालकांना हे आधी सांगा. शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर: मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती वगैरे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं हे गावाहूनच करून आणा. इथून तहसीलच्या फेऱ्या परवडत नाहीत.

फी कमी आहे ती कुणी उपकार म्हणून ठेवलेली नाही. ती सरकारी तिजोरीतून भरून निघते, आणि त्या तिजोरीत आपल्या आईने घेतलेल्या साबणाच्या वडीवरचा करही आहे. म्हणून जागा कमी झाल्या, शिक्षकांची पदं रिकामी राहिली, तर त्यावर बोलायचा आपल्याला हक्क आहे.

नोकरी करून शिकता येईल?

येतं, पण ७५ टक्के हजेरीचा नियम लक्षात ठेवा. माझ्या वर्गातली बरीच मुलं संध्याकाळी शिकवण्या घ्यायची. पूर्ण वेळ नोकरी असेल तर दूरस्थ शिक्षणाचा विचार करा, तो विभाग १९७१ पासून आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळच्या वर्गांसह, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. ते स्वतः एल्फिन्स्टनमधून याच विद्यापीठाचे बीए.

निकाल वेळेवर लागतात का? काही चूक झाली तर?

२०१७ साली सगळ्या उत्तरपत्रिकांची तपासणी एकदम संगणकावर नेली तेव्हा निकाल महिनोन्महिने रखडले होते, ते अजून लोक काढतात. म्हणून पुढच्या प्रवेशाचा बेत आखताना चार-सहा आठवड्यांची फट ठेवा.

गुण अनपेक्षित वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, मग पुनर्मूल्यांकन. मुदत थोड्या दिवसांची असते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मान्य केलेला आहे.

कुठलाही अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती न्या, एक आवक खिडकीवर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच असली की पुढच्या खेपेला बोलणं दोन मिनिटांत होतं. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक अर्जावर लिहा. आणि समोरच्या माणसाला नाव विचारा, नमस्कार करा. दिवसभरात फार थोडे लोक त्यांना नमस्कार करतात.

इथे कुणी ओळखतच नाही. फार एकटं वाटतं.

वाटतं. पहिल्या पावसाळ्यात मलाही वाटलं. गावात बसमधून उतरल्यावर चार जण "कधी इलंस?" विचारतात, इथे गेटपासून विभागापर्यंत झाडाखालून दहा-बारा मिनिटं चालायचं आणि नाव घेऊन हाक मारणारं कुणी नाही. मी त्या वाटेवर रडले आहे.

मग हळूहळू त्याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. कुणाची मुलगी, कुठल्या वाडीतली, कुणाबरोबर बोलत होती, हे इथे कुणी विचारत नाही. मी पहिल्यांदा वर्गात हात वर करून शिक्षकांशी असहमत झाले ते इथे. गावात ते घरी पोहोचलं असतं.

माणसं मिळायला वेळ लागतो, पण जागा ठरलेल्या आहेत: कॅन्टीन, ग्रंथालयाची पायरी, झेरॉक्सची रांग, एनएसएस, आणि सर्वांत जास्त युवा महोत्सव. एकांकिकेत काम करायला येत नसेल तर कपडेपट सांभाळा. मी तेच केलं. तालमी रात्रीपर्यंत चालायच्या आणि तिथे झालेल्या तीन मैत्रिणी आजही आहेत. नाटकाची खरी ओढ असेल तर अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि लोककला अकादमी दोन्ही विद्यापीठाच्याच आहेत.

उदासी उतरतच नसेल, झोप लागत नसेल, तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२. छेडछाडीची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी द्या.

पावसाळ्यात काय होतं?

पाणी तुंबतं. मिठी नदी जवळ आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुसळधार पावसाचा इशारा असेल आणि भरतीची वेळ दुपारची असेल तर घरीच थांबा. प्लास्टिकच्या चपला वापरा, कागदपत्रं जाड पिशवीत ठेवा.

एमएनंतर पुढे काय?

प्राध्यापकीसाठी नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा, त्याला एमएला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के लागतात. नेट वर्षातून दोनदा असते. बाकी स्पर्धापरीक्षा, सामाजिक संस्था, सर्वेक्षणाची कामं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा.

आईवडिलांना विद्यापीठ दाखवायला आणता येतं का?

जरूर आणा. कलिना दाखवाच, पण फोर्टलाही न्या. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत जा, दहा मिनिटंही लागत नाहीत. राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे, १८७८ मध्ये पूर्ण झाला, आणि २०१८ पासून तो परिसर जागतिक वारसा यादीत आहे. आत जाता आलं नाही तरी मैदानातून पूर्ण दिसतो. उन्हं उतरल्यावर जा.

मी आईला दिवाळीनंतर नेलं. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव मनोऱ्याला दिलं, हे तिला सांगितलं. तिने मान वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यां सगळां तुझ्याच विद्यापीठाचां काय गो?" मी हो म्हटलं. मग आम्ही मैदानाच्या कठड्यावर बसून घरून आणलेल्या घावण्यांचा डबा उघडला, आणि सहाचे ठोके पडेपर्यंत तिथेच बसलो.